साहेब, तेवढा नियम लिहून द्या!

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



मला येथें बोलावयास सांगितलें तेव्हां मीं चालक मंडळींना विचारलें, विषय कोणता घेऊं? ते म्हणाले, मास्तर, तुम्हांला ज्याचा राग येतो तोच घ्या. मग विषय शोधावा लागला नाहीं.

मी सुताराचा पोर. बापानें जन्मभर रंधा मारला. मीं चार बुकें शिकून शाळेंत मास्तरकी केली. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, तिच्यांत पावसाची मर्जी असेल तेवढें पिकतें. या सबंध आयुष्यांत मोठ्या साहेबानें मला कधीं छळलें नाहीं. कलेक्टर मीं दोनदां पाहिले, दोन्ही वेळां लांबून. मंत्री पाहिले ते गळ्यांत हार घालून घेतांना. मला छळलें तें खिडकीनें. खिडकी म्हणजे काय तें तुम्हांला सांगावयास नको. हातभर रुंद भोंक, त्याला गज, गजापलीकडे एक माणूस खालीं मान घालून बसलेला, आणि अलीकडे आपण टोपी हातांत घेऊन उभे. तो मान वर करीपर्यंत आपण खोकायचें देखील नाहीं.

२०१६ सालची गोष्ट सांगतों. माझ्या बहिणीची मुलगी बारावी झाली. पोर हुशार, नर्सिंगच्या शाळेंत नंबर लागण्यासारखा होता. मेहुणे पूर्वीं बैलगाड्यांचीं चाकें करीत, आतां दारांच्या चौकटी करतात, हातावर पोट. फी भरण्याची ऐपत नाहीं, म्हणून फीमाफीसाठीं उत्पन्नाचा दाखला हवा होता. मुलगी म्हणाली, मामा, तुम्ही शिकलेले, तुम्हीच चला. गेलों. खिडकींतल्या भाऊसाहेबांनीं कागद चाळले आणि एका दमांत सांगितलें: शंभराच्या स्टॅम्पावर प्रतिज्ञापत्र आणा, सगळ्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सहीशिक्का आणा, आणि हा अर्ज निळ्या शाईनें भरला आहे तो काळ्या शाईनें भरून आणा.

स्टॅम्पवाला म्हणाला, शंभराचे संपले, सोमवारीं या. मात्र वर तीस द्याल तर एक शिल्लक आहे. दिले तीस. मग राजपत्रित अधिकारी शोधण्याची यात्रा. जनावरांच्या दवाखान्यांतले डॉक्टर राजपत्रित असतात असें कोणीं तरी सांगितलें म्हणून तेथें गेलों, तर ते एका अडलेल्या म्हशीसाठीं शिवारांत गेलेले. ते आपलें खरें काम करीत होते. आम्हींच त्यांच्या दारांत बसून आमच्याच गुणपत्रिकेवर त्यांची सही मागत होतों. अशा तीन खेपा झाल्या. मेहुण्यांचे तीन रोज बुडाले, माझ्या तीन रजा गेल्या. दाखला हातीं आला तो शाळेची मुदत संपून चार दिवस झाल्यावर. तेथल्या कारकुनानें तोंडानें कांहीं सांगितलें नाहीं, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बोट केलें. पोरीचें वर्ष गेलें. तें वर्ष तिनें आईबरोबर दुसऱ्याच्या रानांत भुईमूग उपटण्यांत काढलें. पुढल्या वर्षीं ती गेली, शिकली, आज सरकारी दवाखान्यांत नोकरी करते. पण गेलेलें वर्ष तिला कोणीं परत दिलें नाहीं.

यांत एवढें रागावण्यासारखें काय, असें चालायचेंच, असें तुम्ही म्हणाल. मीही तसेंच म्हणत होतों. दोन वर्षांनीं शाळेच्या कामासाठीं जुने शासन निर्णय चाळतांना एक कागद हाताला लागला. तारीख ९ मार्च २०१५. त्यांत सरकारनेंच लिहिलें होतें कीं कचेऱ्यांनीं दाखले देतांना प्रतिज्ञापत्राऐवजीं अर्जदाराचें साधें स्वघोषणापत्र घ्यावें आणि साक्षांकित प्रतींऐवजीं अर्जदारानें स्वतः सही केलेल्या प्रती घ्याव्या. जेथें कायद्यानेंच प्रतिज्ञापत्र सक्तीचें केलें आहे तेवढी बाब वेगळी. म्हणजे आम्ही खिडकीवर उभे होतों तेव्हां तो नियम मरून सव्वा वर्ष झालें होतें! आणखी खोल गेलों तर त्याहून मौज. असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचें मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेंच माफ झालेलें. शंभराचा स्टॅम्प बारा वर्षांपूर्वीं मेला होता, आणि आम्हीं त्याच्या मढ्याला एकशें तीस रुपये मोजले.

बरें, मेला तो मेला असेंही नाहीं. २०२४ च्या ऑक्टोबरांत सरकारनें शंभराचा मुद्रांक पांचशेंचा केला. लागलीच खिडक्यांवर दाखल्यांसाठीं पांचशेंचा स्टॅम्प मागूं लागले, आणि २०२५ सालीं महसूल खात्याला पुन्हां जाहीर करावें लागलें कीं जात, उत्पन्न, रहिवास असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाहीं. एकच नियम सरकारला इतक्या वेळां पुरावा लागतो, तर तो जिवंत राहतो कोठें? मंत्रालयांत नाहीं. तो खिडकींत राहतो, आणि खरें बोलायचें तर आपल्या तोंडांत राहतो. मीं त्या दिवशीं खिडकीवर काय म्हटलें? मास्तर माणूस, दुसऱ्याच्या मुलांना 'शंका विचारा रे' म्हणून सांगणारा. मीं म्हटलें, 'बरें, साहेब.' त्या दोन शब्दांत भाचीचें वर्ष गेलें. भाऊसाहेबांना मी अर्धा दोष देतों, उरलेला अर्धा माझा आहे.

ही खिडकी आजची नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यांत खालच्या कामगारांचा जाच आहे, आणि जंगलखात्यानें डोंगर व गायरानें आपल्या हद्दींत ओढल्यावर गरिबाच्या शेळीला चरायला जागा उरली नाहीं ही तक्रारही आहे. त्या वेळीं दप्तर एका हातांत होतें, वाचणारा एकटा तोच होता, आणि तो सांगेल तो कायदा. तें दप्तर मोकळें करण्यासाठीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं जन्म घातले. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं कोल्हापूर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. १९१८ सालीं त्यांनीं वंशपरंपरेचें कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले. मुंबई इलाख्यांत तें वतन कायद्यानें गेलें तें १९५० नंतर. २०२४ सालीं तर तलाठी हें नांवही बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असें भारदस्त नांव ठेवलें. नांवें बदललीं, माणसें बदललीं. गजापलीकडे आज कोण बसतें? आपलींच मुलें बसतात. कोणी माळ्याचा, कोणी धनगराचा, कोणी साळ्याचा, कोणी मराठ्याचा. ज्यांना तेथें बसवण्यासाठीं आपल्या आजोबांनीं सभा भरवल्या त्यांच्यापुढें आपण टोपी काढून उभे! परका बसला होता तेव्हां राग करणें सोपें होतें. आतां राग करावा तर लग्नाच्या पंगतींत तोच शेजारीं येऊन बसतो.

आणि तसेंच झालें. एका लग्नांत तेच भाऊसाहेब माझ्या शेजारच्या पाटावर आले. बदली होऊन दुसऱ्या तालुक्यांत गेले होते. स्वभावानें वाईट माणूस नाहीं. मीं विचारलें, 'भाऊसाहेब, २०१६ सालीं माझ्या भाचीच्या दाखल्याला स्टॅम्प कां हो मागितलात?' त्यांना भाची आठवेना, स्टॅम्प मात्र आठवला. म्हणाले, 'मास्तर, जेवणावर बसून खोटें सांगत नाहीं. मी त्या टेबलावर आलों तेव्हां भिंतीवर यादी चिकटवलेली होती. आधींच्यानें चिकटवली, त्याच्याही आधींच्यानें लिहिली. ती काढ म्हणून मला कोणीं सांगितलें नाहीं. तपासणीला साहेब आले आणि एखाद्या प्रकरणांत कागद कमी निघाला तर माझी वेतनवाढ अडते. पांच कागद जास्त घेतले म्हणून कोणाची वेतनवाढ अडल्याचें तुम्हीं ऐकलें आहे का?'

मीं विचारलें, 'पण तो शासन निर्णय तुम्हांला कोणीं दाखवला नाहीं?' ते म्हणाले, 'एकानेंही नाहीं. दाखवला असता तर फाईलला लावून मोकळा झालों असतों. उद्यां साहेबानें विचारलें तर दाखवायला मलाही कागद झाला असता.'

मंडळी, या बोलण्यानें माझा घास तोंडांत अडकला. मी इतकीं वर्षें समजत होतों कीं भीति गजाच्या अलीकडेच आहे. ती पलीकडेही तेवढीच आहे. कागद कमी घेतला तर शिक्षा, जास्त घेतला तर कांहीं नाहीं. अशा ठिकाणीं बसलेला माणूस, मग तो कोणाचाही लेंक असो, जास्तच मागणार. तुमचा रोज बुडाला त्याचा हिशेब त्याच्या कोणत्याच रजिस्टरांत नाहीं.

आतां सगळेच असे भ्यालेले असतात असें मी म्हणत नाहीं. कांहीं जण ती यादी मुद्दाम जपतात, कारण यादी जेवढी लांब तेवढी चिरीमिरी जास्त. शाई काळीच पाहिजे असें म्हणणाऱ्याला शाई नको असते. हे दोन ओळखायचे कसे? नियम लेखी मागितला कीं भ्यालेला माणूस बहुधा विचारांत पडतो, कागद शोधूं लागतो, साहेबाला विचारून येतो. दुसरा मात्र खुर्चीवरून उठून ओरडतो. ओरडला कीं समजावें, येथें नियम नाहीं, दुकान आहे.

समोर बुरूड आळींतील मंडळी बसली आहे. त्यांच्या धंद्याची हकीकत ऐकलीत तर माझा शंभराचा स्टॅम्प तिच्यापुढें कालचें पोर वाटेल. बांबू गवत कीं झाड? कोणाही गुराख्याला विचारा. कोंब पावसाळ्यांत जमिनींतून निघतो तो जेवढा जाड निघाला तेवढाच जाड राहतो, एका हंगामांत पुरी उंची गांठतो, आंत पोकळ, पेरावर पेर. वनस्पतिशास्त्रवाले देखील त्याला गवतच म्हणतात. ज्वारी, ऊंस, बांबू हे एकाच कुळांतले. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत 'झाड' या शब्दाची व्याख्या करतांना ताडमाडाबरोबर बांबू आणि वेतही त्यांत घातले. एकदां झाड ठरलें कीं तोडल्यावर तें इमारती लाकूड झालें, आणि इमारती लाकूड रस्त्यानें न्यायचें तर वनखात्याचा वाहतूक परवाना पाहिजे. म्हणजे आपल्या बांधावर आपण लावलेलें गवत कापून चार कोसांवरच्या बुरुडाला विकायचें, तर साहेबाची सही आणि हातोड्याची खूण! शेतकऱ्यानें मग बांधावर बांबू लावणेंच सोडलें. बेट तोडलें नाहीं तर दाटून खराब होतें, तोडलें तर परवान्याच्या खेपा. कोण नसती ब्याद घरांत घेईल? आणि इकडे बुरूड, ज्याच्या सुपाशिवाय कोणत्या घरांत धान्य पाखडलें जात नव्हतें, ज्याच्या परडीशिवाय देवीचा जोगवा नाहीं, तो माल कोठून आणणार? चोरून आणणार. कायद्यानें एका सबंध जातीच्या पोटाच्या धंद्याला चोरी केलें तें एका शब्दाच्या व्याख्येवरून.

हा शब्द कोणीं सोडवला तें ऐका. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा म्हणून गोंड लोकांचें लहानसें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाच्या नांवासह त्याला मेंढा-लेखा म्हणतात. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला, त्यांत बांबू गौण वनोपजांत धरला आणि तो गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलांत राहणाऱ्यांना दिला. २००९ सालीं या गांवाला सुमारें अठराशें हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागद हातांत आला, पण बांबू विकायला निघाले तर वनखातें म्हणे, हक्क तुमचा असेल, वाहतूक परवाना आमचा. आणि बांबू हें तर लाकूड. नव्या कायद्यानें दिलेलें जुन्या कायद्याच्या शब्दानें अडवलें. मेंढ्याच्या लोकांनीं हात जोडले नाहींत आणि हात उगारलाही नाहीं. ग्रामसभा भरवायची, कायदा वाचायचा, वाचलेल्यावर सर्वांनीं बोलायचें आणि सर्वांच्या मतानें ठरवायचें, हा त्यांचा जुना परिपाठ. त्याच जोरावर ते मागत राहिले. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश त्या गांवांत आले आणि परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. त्या दिवसापासून गांवच्या बांबूचा परवाना गांवच लिहूं लागलें.

आणि २०१७ च्या नोव्हेंबरांत वटहुकूम निघून त्या जुन्या व्याख्येंतून 'बांबू' हा शब्दच काढला. मागून तसा कायदा झाला. बांबूला गवत व्हायला नव्वद वर्षें लागलीं! यांतली एक मेख ध्यानांत ठेवा. ही मोकळीक जंगलाबाहेरच्या, म्हणजे तुमच्या शेतांतल्या व बांधावरच्या बांबूला आहे. सरकारी जंगलांतला बांबू आजही वनोपजच आहे, त्याला नियम आहेत. उगीच कोयता घेऊन डोंगरांत शिराल आणि माझें नांव सांगाल, तसें करूं नका.

आतां कायदा बदलला म्हणजे नाका बदलतो का? २०१९ च्या दिवाळीआधीं आपले हे आबा, येथेंच बसले आहेत, आकाशकंदिलाच्या कामट्यांसाठीं एका शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू टेम्पोंत घालून आणीत होते. हिशेब लिहायला म्हणून मी बरोबर होतों. नाक्यावर शिपायानें टेम्पो अडवला. 'पास कोठें आहे?' आबा म्हणाले, 'साहेब, आतां हें गवत आहे. गवताचा पास कोणत्या कचेरींत मिळतो?' शिपाई चिडला. गाडी बाजूला घ्या, साहेब येईपर्यंत हलायचें नाहीं. साहेब केव्हां येतील? सांगतां येत नाहीं. टेम्पोवाल्याचें भाडें तासावर चाललेलें. आबांचा हात खिशाकडे गेला, मीं धरला. मला भाचीचें वर्ष आठवलें. शेतकऱ्यानें विकल्याची चिठ्ठी आणि त्याचा सातबाराचा उतारा बरोबर होता, तो मीं पुढें केला; वहींतलें एक कोरें पान फाडलें, पेन काढलें आणि म्हटलें, 'दादा, तुम्ही तुमचें काम करतां आहां, आमची तक्रार नाहीं. एवढेंच लिहून द्या: अमुक तारखेला, अमुक वाजतां, या नियमाखालीं गाडी थांबवली. खालीं नांव आणि सही. आम्ही येथेंच बसतों.'

त्यानें पेन घेतलें. पेनाकडे पाहिलें, कागदाकडे पाहिलें, मग आबांच्या तोंडाकडे पाहिलें. पांच मिनिटें कोणाशीं तरी मोबाईलवर बोलून आला. म्हणाला, 'जा घेऊन. पुढच्या वेळीं उतारा असाच बरोबर ठेवा.' एक पैसा गेला नाहीं, एक शिवी गेली नाहीं. आबा वाटेंत मला म्हणाले, 'मास्तर, चाळीस वर्षें मी या नाक्यावर पैसे देत आलों, कधीं कोणाला लिहून द्या म्हणालों नाहीं; मला लिहायला येत नाहीं ना!' मीं म्हटलें, 'आबा, लिहायचें त्यानें होतें, तुम्हीं नव्हे.'

पण मी येथें गोड गोड गोष्टी सांगून टाळ्या घ्यायला आलों नाहीं. लेखी मागणाऱ्याचा कागद तळाशीं जातो, हाही अनुभव आहे. आमच्या शेजारच्या एका विधवा बाईचा वारसनोंदीचा अर्ज. नवरा वारला, जमिनीवर वारसांचीं नांवें लावायचीं. तिला सांगितलें, सगळ्या नणंदांचीं संमतिपत्रें आण. वारसांचीं नांवें लावायला संमति कशाला? जे वारस आहेत त्या सर्वांचीं नांवें लागतात, नणंदा वारस ठरत असतील तर त्यांचींही लागतील. कोणी हक्क सोडणार असेल तर तो वेगळा दस्त. तिनें आमच्या सांगण्यावरून नियमाची प्रत मागितली, तर दोन महिने अर्जच सांपडेना! बाईला घरांत बोलणीं बसलीं, 'मास्तरच्या नादानें काम बिघडवलें' म्हणून. मग माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज केला, त्याला तीस दिवसांत उत्तर नाहीं, मग पहिलें अपील. सुनावणीची चिठ्ठी आली त्याच आठवड्यांत नोंद झाली. एकूण चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिला पीककर्ज मिळालें नाहीं, बियाणें उसनें आणावें लागलें. हें सांगितल्याशिवाय तुम्हांला पुढें या म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल.

तरीही मी पुढें या म्हणतों. हत्यारें आहेत, तीं गंजत पडलीं आहेत. माहितीचा अधिकार २००५ सालापासून आहे. दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट लावायचें. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेंही माफ. आपल्या राज्यांत अर्ज दीडशें शब्दांत आणि एकाच विषयाचा पाहिजे, तेव्हां रामायण लिहूं नका. 'माझ्यावर अन्याय झाला' असेंही लिहूं नका. अन्यायाला उत्तर देणें त्या अर्जांत बसत नाहीं. सरळ लिहा: 'अमुक दाखल्यासाठीं अमुक कागद ज्या नियमानें अथवा शासन निर्णयानें मागितला जातो त्याची प्रत द्यावी.' नियम असेल तर प्रत येते, आणि आपण निमूटपणें तो कागद आणूं. नियम नसेल तर पाठवणार काय? विनाकारण माहिती दडवली तर आयोग दिवसाला अडीचशें रुपये, पंचवीस हजारांपर्यंत, त्या अधिकाऱ्याला दंड करूं शकतो. दुसरें, २०१५ सालापासून महाराष्ट्रांत लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यांत जाहीर केलेल्या सेवांना मुदत ठरलेली आहे. अर्ज दिला कीं तारखेची पोच घ्यायची, मुदत टळली कीं अपील. कारणाशिवाय टाळाटाळ केली तर पांचशें ते पांच हजार रुपये दंड आहे. भाऊसाहेबांना कागद कमी घेतल्याची भीति आहे ना? मग उशीर केल्याचीही थोडी भीति असूं द्या, म्हणजे तराजू सारखा होईल.

मात्र एकट्यानें खिडकीवर जाऊं नका. चौघे जा. चौघांत एक बाई असली तर उत्तम. बायका बाजारांत पैशापैशाचा हिशेब विचारतात, त्यांना विचारण्याची लाज नाहीं. आणि शिवीगाळ करूं नका. शिवी दिलीत कीं नियमाचें राहतें बाजूला आणि सरकारी कामांत अडथळा आणल्याची फिर्याद तुमच्यावर होते.

जातां जातां अंगठ्याचें सांगतों, कारण या सभेंत निम्म्या लोकांचा तो प्रश्न आहे. रेशनच्या दुकानांत यंत्रावर अंगठा ठेवायचा. ज्याचे हात विटा वाहून, चाकावर माती फिरवून, सोड्यांत कपडे धुऊन घासले गेले त्याच्या अंगठ्यावर रेघा राहिल्या आहेत कोठें? यंत्र म्हणतें, हा माणूस तो नव्हे. समोर तीस वर्षांची ओळख असलेला दुकानदार म्हणतो, मी काय करूं, यंत्र घेत नाहीं. जन्मभर कष्ट केल्याचा पुरावा हातावर आहे आणि त्याच हातावरून धान्य नाहीं! २०१७ च्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें राज्यांना कळवलें आहे कीं अंगठा जुळला नाहीं एवढ्यावरून कोणाचें धान्य नाकारूं नये, दुसऱ्या रीतीनें ओळख पटवून, नोंद ठेवून द्यावें. तेव्हां 'यंत्र घेत नाहीं' म्हटलें कीं परत फिरूं नका. म्हणा, 'नाकारलें असें लिहून द्या.' यंत्राला लिहितां येत नाहीं, दुकानदाराला येतें.

आतां कामाचें बोलतों आणि बसतों. येत्या रविवारपासून दर रविवारीं संध्याकाळीं चार वाजतां शाळेच्या ओसरीवर अर्ज लिहून देण्याचें काम सुरू होईल. लिहिणारीं तिघें आहेत: दोन पदवीधर मुलें, आणि जिचें वर्ष गेलें ती माझी भाची, रविवारीं तिला सुटी असते. ९ मार्च २०१५ च्या कागदाच्या शंभर प्रती काढून ठेवल्या आहेत. एक घरीं ठेवा, एक खिडकीवर भाऊसाहेबांना फाईलला लावायला द्या. ज्यांना रेशन नाकारलें त्यांनीं आधीं या, त्यांचे अर्ज पहिले होतील. आबा सतरंजी आणि पाण्याची घागर आणणार आहेत. तुम्ही येतांना दहा रुपयांचें तिकीट, जुने कागद आणि असेल तर एक पेन आणा. शाई निळी असो कीं काळी, चालेल.